बायपासनंतर घरी आलेल्या माणसाला कसं सांभाळायचं: पहिले तीन महिने

बायपास झालेला माणूस घरी आला की सगळं घर त्याच्या हृदयाला घाबरून असतं. जिना चढू नको, मोठ्याने बोलू नको, चार पावलं चालला तरी "बसा, बसा". आणि त्याच घरातलं कुणीतरी त्याला पलंगावरून उठवताना काखेत हात घालून सरळ वर ओढतं. भीती एकीकडे, धोका दुसरीकडे. सुरळीत पार पडलेल्या बायपासनंतर हृदयाला रक्त आधीपेक्षा चांगलं मिळत असतं, त्याला हळूहळू काम द्यायचंच असतं. पहिले दोन-तीन महिने खरं नाजूक असतं ते छातीचं मधलं हाड, जे ऑपरेशनसाठी उभं कापून नंतर स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं. हृदयाला चालवायचं आणि हाडाला जपायचं, एवढं घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात बसलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुचतात.

हे सगळं नेहमीच्या, छाती उघडून केलेल्या बायपासबद्दल आहे. सोबत झडपही बदलली असेल, फासळ्यांमधून छोट्या छेदाने ऑपरेशन झालं असेल किंवा हृदयाचं पंपिंग फारच कमी असेल, तर सूचना वेगळ्या असतात. डिस्चार्ज कार्ड आणि हा लेख यांत फरक दिसला तर कार्ड खरं.

डिस्चार्जच्या दिवशी

साधारण ५ ते ७ दिवसांनी सुट्टी मिळते. त्या दिवशी सगळे घाईत असतात, बिल, गाडी, सामान, आणि सिस्टर भराभर सांगत असतात. त्यामुळे प्रश्न आदल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या. किती ग्राफ्ट (अडलेल्या जागेला वळसा घालणारे नसांचे जोड) घातले आणि त्यासाठी नसा कुठून काढल्या? पायातून, छातीच्या आतून की हातातून? हृदयाचं पंपिंग किती टक्के आहे? (इको रिपोर्टवर हा आकडा असतो. ५५ च्या पुढे असेल तर उत्तम, ४० च्या खाली असेल तर पाण्याच्या आणि वजनाच्या बाबतीत जास्त लक्ष लागतं.) हॉस्पिटलात असताना ठोके अनियमित झाले होते का? टाके काढायचे आहेत की विरघळणारे आहेत? रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कुणाला करायचा?

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: ऑपरेशनच्या आधीच्या गोळ्यांपैकी कुठल्या बंद झाल्या? हा विचारला गेला नाही तर घरी दोन डबे समोर येतात, एक जुना आणि एक नवा. नव्या चिठ्ठीवर मेटोप्रोलॉल (ठोके आणि बीपी आवरणारी गोळी) एका कंपनीचं, जुन्या डब्यात तेच मेटोप्रोलॉल दुसऱ्या नावाचं. पेशंट प्रामाणिकपणे दोन्ही घेतो आणि दोन दिवसांनी बाथरूममध्ये चक्कर येऊन बसतो. घरी पोचल्या पोचल्या पहिलं काम हे करा: जुन्या सगळ्या पट्ट्या बाहेर काढा, कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचा, नव्या यादीशी ताडून बघा आणि जे यादीत नाही ते पेशंटच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

घरी येताना गाडीत त्यांना मागच्या सीटवर बसवा. सीटबेल्ट लावायचाच, फक्त पट्टा आणि छाती यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल ठेवा. लांबचा रस्ता असेल तर तासाभराने थांबून दोन मिनिटं पाय मोकळे करू द्या.

घरात फार फेरफार करायला लागत नाहीत. पलंग आणि खुर्ची इतकी उंच हवी की बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत. खोल सोफ्यातून छातीवर ताण न देता उठणं जवळजवळ अशक्य असतं. रोजच्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणा. अंघोळीला स्टूल, खाली न बसता वापरता येईल असा कमोड, रात्री संडासच्या वाटेवर दिवा. जिना असेल तर चढायला हरकत नसते, मात्र एकेक पायरी घेत, मध्ये थांबत. कठड्याला हात तोल सांभाळण्यापुरता लावायचा, त्याला धरून स्वतःला वर ओढायचं नाही.

हाड जपायचं म्हणजे नेमकं काय

मोडलेला हात प्लास्टरमध्ये घालून बाजूला ठेवता येतो, छाती तशी ठेवता येत नाही. प्रत्येक श्वासाला ती हलतेच. तरीही हे हाड साधारण ६ ते ८ आठवड्यांत बऱ्यापैकी जुळतं आणि पक्कं व्हायला ३ महिने लागतात. तारा आयुष्यभर आतच राहतात, त्या काढत नाहीत. या काळात हाडाचे दोन भाग एकमेकांपासून ओढले जातील अशी हालचाल टाळायची असते, म्हणजे ढकलणं, ओढणं, उचलणं आणि हातांवर अंगाचा भार टाकणं.

पलंगावरून उठणं हे पहिलं आणि रोज अनेकदा लागणारं कौशल्य. पाठीवर झोपलेल्या माणसाने आधी दोन्ही गुडघे वाकवायचे. मग खांदे, कंबर आणि गुडघे एकदम, एकाच वेळी, कुशीवर वळवायचे; फक्त खांदे वळले आणि कंबर मागे राहिली की छातीला पीळ बसतो आणि पेशंट ओरडतो. कुशीवर आल्यावर पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडायचे. पाय खाली जातात तसं धड त्यांच्या वजनानेच वर यायला लागतं, त्याला खालच्या कोपराचा हलका टेका पुरतो. या सगळ्यात दुसरा हात छातीशी उशी धरून. तुम्ही मदत करणार असाल तर तुमचा तळहात त्यांच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या हाडांमध्ये ठेवा आणि तिथून आधार द्या. हात धरून ओढायचं नाही. काखेत हात घालायचा नाही. पाहुण्यांपैकी कुणी "चला, देतो हात" म्हणत पुढे आलं तर त्यांनाही सांगा, संकोच करू नका.

कडेवर बसल्यावर एक मिनिट थांबा. बीपीच्या गोळ्या चालू असतात, अंगात रक्तही थोडं कमी असतं, आणि एकदम उभं राहिलं की डोळ्यांसमोर अंधारी येते. खुर्चीतून उठताना आधी पुढे सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, पुढे वाकायचं आणि मांड्यांच्या जोरावर उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात हे जमत नाही, कारण मांड्यांची ताकद गेलेली असते. रोज केलं की येते.

वजनाचा नियम बहुतेक ठिकाणी ४-५ किलोंचा असतो. यात पाण्याची बादली, सुटकेस, गॅस सिलिंडर तर आलंच, पण घट्ट बसलेलं बरणीचं झाकण, अडकलेली खिडकी, जड दरवाजा आणि धावत येणारं नातवंडही येतं. नातवंडाला उचलू नये हे सांगणं सोपं असतं, पाळणं अवघड. मुलाला आजी-आजोबांच्या शेजारी बसायला शिकवलं की निभतं.

काही घरांत याचं उलटं टोक दिसतं. हात अजिबात हलवायचाच नाही असं पेशंट ठरवतो, छाती आत ओढून, खांदे पुढे पाडून बसतो आणि महिन्याभरात खांदे आखडतात. कोपरं अंगाजवळ ठेवून केलेल्या हालचाली चालतात: जेवणं, केस विंचरणं, शर्ट घालणं, तोंड धुणं. खांदे गोल फिरवायला हवेत, आणि दुखेपर्यंत न ताणता दोन्ही हात एकदम वर न्यायला हरकत नसते. हे व्यायाम फिजिओथेरपिस्ट हॉस्पिटलातच शिकवतात. मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढून घ्या.

कूस बदलताना किंवा खोकताना छातीत "कट्" असा आवाज येत असेल, हाडाचे तुकडे एकमेकांवर घासल्यासारखे वाटत असतील, तर ते अंगावर काढायचं नाही. त्याच दिवशी सर्जनला कळवा.

खोकला, श्वास आणि दुखणं

ऑपरेशननंतर फुप्फुसांचा तळ नीट उघडत नाही, तिथे कफ साठतो. तो बाहेर यायलाच हवा, नाहीतर न्यूमोनियाची भीती. पण खोकताना छातीत कळ येते, म्हणून पेशंट खोकला दाबतो. आमचे मामा तर खोकल्याची उबळ आली की तोंडावर हात ठेवून श्वासच रोखायचे, टाके सुटतील म्हणून. त्यांना जाड टॉवेलची घट्ट गुंडाळी करून दिली, दोन्ही हातांनी छातीशी मिठी मारल्यासारखी आवळायची आणि मग खोकायचं. दुखणं पूर्ण जात नाही, पण आतून काही फाटेल ही भीती जाते. ती गुंडाळी पेशंटच्या हाताशी सतत हवी. शिंकेला, हसण्याला आणि गाडीतल्या खड्ड्यालाही तीच कामाला येते.

हॉस्पिटलात श्वासाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं स्पायरोमीटर दिलेलं असतं. घरी आल्यावर ते कपाटावर जातं. तिथून काढा. जागेपणी दर तासाला साधारण १० वेळा, आणि फुंकायचं नाही तर सावकाश आत ओढायचं. एकदम जोरात ओढून तिन्ही चेंडू टपकन वर आणण्यात काही मोठेपणा नाही. एक चेंडू दोन-तीन सेकंद वर टिकवणं जास्त उपयोगाचं.

दुखण्याबद्दल दोन गोष्टी. एक, ते फक्त टाक्यांवर नसतं. ऑपरेशनमध्ये फासळ्या ताणलेल्या असतात, त्यामुळे मान, खांदे आणि पाठीत दोन खांद्यांमध्ये जास्त दुखतं. दोन, सहन करत बसण्यात शहाणपण नाही. दुखतं म्हणून श्वास उथळ, श्वास उथळ म्हणून कफ, दुखतं म्हणून चालणं बंद, अशी साखळी लागते. सांगितलेली पॅरासिटामॉल वेळेवर द्या, चालायच्या आणि झोपायच्या अर्धा तास आधी दिली तर उत्तम. घरात पडलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मात्र विचारल्याशिवाय देऊ नका. हृदयाच्या पेशंटला त्या धोक्याच्या, मूत्रपिंडांवरही भार टाकतात.

छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा, मुंग्या किंवा जळजळ वाटते, कपड्याचा स्पर्शही नको होतो. छातीच्या आतली धमनी ग्राफ्टसाठी वापरली की असं होतं, आणि ते काही महिने राहू शकतं. बायकांच्या बाबतीत स्तनांच्या वजनाने टाके खाली ओढले जातात. पुढून उघडणारी, तारा नसलेली, मऊ कापडाची ब्रा दिवस-रात्र घातली तर दुखणंही कमी होतं आणि जखमही नीट भरते. हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही, लाजेपोटी कुणी विचारतही नाही.

जखमा आणि पाय

गंमत अशी की बऱ्याच पेशंटना छातीपेक्षा पाय जास्त त्रास देतो. पायातली नस काढलेली असते, त्यामुळे त्या पायावर काही आठवडे सूज येते, संध्याकाळी वाढते, घोट्याजवळ त्वचा बधिर वाटते. बसलेलं असताना पाय उशांवर उंच ठेवायचा, पायावर पाय टाकून बसायचं नाही, स्टॉकिंग दिलं असेल तर सकाळी सूज चढायच्या आधी घालायचं. एक फरक लक्षात ठेवा: फक्त ऑपरेशनच्या पायावर सूज असेल तर ती बहुधा नसेमुळे. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर अंगात पाणी साठतंय का ते बघावं लागतं. आणि पोटरी अचानक घट्ट, गरम होऊन दुखायला लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

अंघोळीला परवानगी मिळाल्यावर रोज अंघोळ. कोमट पाणी, साधा साबण, जखमेवरून हात हलका फिरवायचा, घासायचं नाही, टॉवेलने टिपून कोरडं करायचं. मलम, पावडर, तेल, घरगुती लेप यातलं काहीही लावायचं नाही. टबमध्ये किंवा तलावात बुडून बसायचं नाही. पहिल्या काही अंघोळींना बाथरूमचं दार आतून लावू देऊ नका.

जखम रोज एकाच वेळी, चांगल्या उजेडात बघा. छातीच्या जखमेच्या वरच्या टोकाला छोटा उंचवटा असतो, तो हळूहळू बसतो. कडेची किंचित लाली, खाज, खपली हे चालतं. लाली पसरत चालली, जखम उघडली, पू आला, वास आला, की वाट बघू नका. शुगरच्या पेशंटमध्ये जखम चिघळण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांची शुगर या काळात नेहमीपेक्षा काटेकोर सांभाळायची.

रोजची वही

एक साधी वही घ्या. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, खाण्यापिण्याच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत वजन. मग ताप, बीपी, नाडी, शुगर असेल तर ती, आणि किती मिनिटं चालले ते. यातलं वजन लोकांना सगळ्यात फालतू वाटतं आणि तेच सगळ्यात आधी बोलतं. अंगात पाणी साठायला लागलं की धाप लागण्याच्या कितीतरी आधी काटा सरकतो. एका दिवसात १ किलोच्या वर किंवा आठवड्यात २ किलोच्या वर वजन वाढलं तर ते चरबीचं नसतं, फोन करा. वजन हळूहळू उतरत असेल तर घाबरू नका, ऑपरेशनमध्ये चढलेलं पाणी निघून जात असतं आणि भूकही कमी असते.

चालणं

इथे घरच्यांनी पेशंटला अडवायचं नाही, बाहेर काढायचं. पहिल्या आठवड्यात सपाट जागी ५-५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. एका दमात वीस मिनिटं चालून उरलेला दिवस आडवं होण्यापेक्षा हे बरं. दर एक-दोन दिवसांनी मिनिटभर वाढवत गेलं की सहाव्या आठवड्यापर्यंत अर्धा तास सलग चालणं बहुतेकांना जमतं. जेवणानंतर तासभर थांबायचं. कडक उन्हात किंवा कडाक्याच्या थंडीत घरातच फेऱ्या मारायच्या.

वेग किती असावा हे नाडी मोजून ठरवू नका. ठोके आवरणारी गोळी चालू असते, ती नाडी फार वाढू देत नाही, त्यामुळे आकडा फसवतो. सोबत चालताना गप्पा मारा. पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत असेल तर वेग बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर हळू. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आल्यासारखं वाटलं तर एक पायरी मागे या, पण बंद करू नका.

चालण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे स्वतःचं स्वतः करणं. दात घासणं, कपडे घालणं, ताट घेऊन टेबलापर्यंत येणं, भाजी निवडत बसणं हे त्यांचं त्यांना करू द्या. वेळ लागतो. तुमचा हात शिवशिवतो. तरी थांबा.

जवळपास कार्डिॲक रिहॅबची सोय असेल तर नाव घाला. आठवड्यातून दोन-तीनदा असे साधारण १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम, सोबत आहार आणि मनाबद्दल मार्गदर्शन असं त्याचं स्वरूप असतं. पुन्हा हॉस्पिटलात जावं लागण्याचं प्रमाण त्याने कमी होतं हे सिद्ध झालेलं आहे. डॉक्टरांनी आपणहून नाव काढलं नाही तर तुम्ही विचारा. न विचारल्यामुळेच निम्मे लोक सुटतात असं माझं मत आहे.

गोळ्या

चिठ्ठी लांबलचक असते, पण तिचे गट थोडेच. ॲस्पिरिन, बहुधा ७५ ते १०० मिलिग्रॅम, आणि कोलेस्टेरॉलची गोळी (ॲटोर्वास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन) या सहसा कायमच्या. "रिपोर्ट नॉर्मल आला, आता कशाला" म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करणारे खूप भेटतात. रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आलेला असतो, आणि तिचं काम नव्या नसा उघड्या ठेवण्याचंही आहे. ॲस्पिरिन दात काढायच्या आधीसुद्धा स्वतःच्या मनाने थांबवायची नाही, डेंटिस्टला तिच्याबद्दल सांगायचं.

काही गोळ्या मात्र ठरावीक मुदतीच्या असतात आणि मुदत संपली तरी चालूच राहतात. लघवीची गोळी त्यातली एक. ऑपरेशननंतर दर तिघा-चौघांमागे एकाचे ठोके काही काळ अनियमित होतात, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. त्यासाठी दिलेली अमिओडॅरोन किंवा रक्त पातळ करायची जास्तीची गोळी ही दुसरी. प्रत्येकीपुढे "कधीपर्यंत?" हे लिहून घ्या. कोरडा खोकला थांबतच नसेल तर रामिप्रिलसारख्या बीपीच्या गोळीमुळे असू शकतो, बदलून मिळते. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही.

भूक, झोप, मन

पहिले काही आठवडे तोंडाला चव नसते, पदार्थ धातूसारखे लागतात. अशा माणसापुढे लगेच तेल बंद, गोड बंद, आवडीचं सगळं बंद अशी यादी ठेवली तर तो जेवतच नाही, आणि जखम भरायला प्रथिनं लागतात. थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या, जे जाईल ते द्या. मीठ मात्र पहिल्या दिवसापासून आवरा. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, यात सगळं आलं. पाण्यावर मर्यादा डॉक्टरांनी सांगितली असेल तरच. बद्धकोष्ठता होतेच, आणि कुंथण्याने छातीवर ताण येतो, तेव्हा पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या.

झोप तुटक लागते. पाठीवरच झोपायचं म्हणून, घाम येतो म्हणून, स्वप्नं विचित्र पडतात म्हणून. पाठीमागे उशा लावून अर्धवट बसतं केलं तर बऱ्याच जणांना बरं वाटतं. दिवसा फार झोपू देऊ नका.

मनाचं प्रकरण घरच्यांना सगळ्यात जड जातं. आयुष्यात कधी न रडलेला माणूस बातम्या बघताना रडतो. शांत बाई चहा गार झाला म्हणून चिडते. नावं आठवत नाहीत, पेपर वाचताना लक्ष लागत नाही. यातलं बरंचसं काही आठवड्यांत ओसरतं, आणि "हे ऑपरेशनमुळे होतंय, तुमचं डोकं फिरलेलं नाही" एवढं सांगितल्यानेही पेशंटला खूप हलकं वाटतं. पण उदासी दोन आठवड्यांच्या पुढे टिकली, चालायला नकार, गोळ्यांना नकार, "कशाला वाचवलंत" अशी भाषा सुरू झाली, तर ते डॉक्टरांना सांगायचं. बायपासनंतरचं नैराश्य हा ओळखीचा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि उपचार न केलेल्यांची प्रकृती खरोखर मागे पडते.

भेटायला येणाऱ्यांना वेळ ठरवून द्या. सर्दी-खोकला असलेल्याला दारातूनच परत पाठवा. आणि तुम्ही स्वतः रात्री जागणारे एकटेच असाल तर आठवड्यातल्या काही रात्री दुसऱ्या कुणाकडे सोपवा.

केव्हा धावायचं

जखमेचं दुखणं आणि हृदयाचं दुखणं यांत गोंधळ होतो. जखमेचं दुखणं एका जागी बोट ठेवून दाखवता येतं, आणि हललं, खोकलं, दाबलं की बदलतं. हृदयाचं दुखणं दाबासारखं, पसरणारं, जबडा किंवा हाताकडे जाणारं, श्रमाने वाढणारं, घाम आणणारं. पेशंटला एकच प्रश्न विचारा: ऑपरेशनच्या आधी व्हायचं तसंच होतंय का? "हो" म्हणाले तर रुग्णवाहिका.

लगेच रुग्णवाहिका बोलवा:
- वर सांगितलं तसं छातीत दुखणं, किंवा बसल्या जागी धाप लागणं, आडवं झोपताच न येणं
- शुद्ध हरपणं
- तोंड वाकडं होणं, हात-पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं
- छाती धडधडणं आणि सोबत चक्कर
- न थांबणारा रक्तस्राव

त्याच दिवशी फोन करा:
- ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप
- शांत बसलेलं असताना नाडी १२० च्या वर किंवा ठोके अनियमित
- वजनाची वर सांगितलेली वाढ
- जखमेतला कुठलाही बिघाड, छातीतला "कट्" आवाज
- खोल श्वास घेताना टोचणारं दुखणं आणि बारीक ताप. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज येऊन असं होऊ शकतं
- काळी शौच

सहाव्या आठवड्यानंतर

सर्जनच्या तपासणीत हाड ठीक आहे असं कळलं की बंधनं एकेक सुटतात. गाडी चालवणं साधारण ४ ते ६ आठवड्यांनी, परवानगी घेऊन. बैठं काम ६ ते ८ आठवड्यांनी, सुरुवातीला अर्धा दिवस. अंगमेहनतीचं काम ३ महिन्यांनी. लैंगिक संबंधांबद्दल कुणी विचारत नाही आणि जोडपी वर्षवर्षभर घाबरून राहतात. दोन मजले दम न लागता चढता येत असतील आणि हाड जुळलं असेल तर बहुतेकांना हरकत नसते, फक्त छातीवर भार येणार नाही असं बघायचं. छातीतल्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची किंवा इतर नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिलसारखं (लिंगाच्या ताठरतेसाठीचं) औषध अजिबात नाही. दोन्ही मिळून बीपी धोकादायक खाली जातं.

आता ग्राफ्टबद्दल. १९६७ मध्ये रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनने अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये पायाची नस वापरून बायपास रूढ केला, आणि आजही बहुतेक ऑपरेशनांत पायाची नस वापरतातच. पण ती शीर आहे, धमनीचा दाब झेलायला बनलेली नाही. छातीच्या आतल्या धमनीचे ग्राफ्ट दहा वर्षांनंतरही ९० टक्क्यांच्या आसपास उघडे असतात, पायाच्या नसेचे मात्र निम्म्याच्या आसपास. ते बंद पडतात ते पुन्हा साठलेल्या चरबीने आणि धुराने. म्हणून सिगारेट, बिडी, तंबाखू पूर्ण बंद, आणि घरातल्या इतरांचीही घरात बंद. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ७० च्या खाली हवं. युरोपातल्या सूचना तर ५५ च्या खाली म्हणतात. रिपोर्टवर प्रयोगशाळा "१०० पर्यंत नॉर्मल" छापते, ते निरोगी माणसासाठी असतं, तुमच्या पेशंटला ते लागू नाही.

तपासणीला जाल तेव्हा वही घेऊन जा, आणि एक काम स्वतःसाठीही करा. वडील किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो आपल्यासाठी घराण्याकडून आलेला धोका धरतात. पेशंटच्या मुलांनी आणि भावंडांनी त्याच आठवड्यात आपलं बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं.